पाचवं बटण

आमच्या आत्याला दहा दिवस पालथं झोपवायचं होतं. त्यापेक्षा मांजराला आंघोळ घालणं सोपं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. आत्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं होतं. डावा डोळा तर केव्हाच कामातून गेलेला. ऑपरेशन करून उजव्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा, तो आतून पडद्याला दाबून धरणार आणि छिद्र बुजणार. पण बुडबुडा नेहमी वर जातो, आणि छिद्र असतं डोळ्याच्या मागच्या भिंतीला. म्हणून तोंड सतत जमिनीकडे. जेवतानासुद्धा मान खालीच.

"आणि हिने मान वर केली तर?" मी विचारलं.

"एखाद वेळी चुकून झाली तर ठीक आहे. सारखी व्हायला लागली तर छिद्र बुजणार नाही. मग वाचणं विसरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी. तोवर घरी सराव करा."

"सराव कसला करायचाय?" आत्या म्हणाली. "पडून तर राहायचंय."

हे कोण म्हणत होतं, तर जी बाई शहात्तर वर्षांत एकदाही पूर्ण जेवण एका जागी बसून जेवलेली नाही ती. आत्याने एकतीस वर्षं टायपिंग शिकवलं, तेही उभं राहून, रांगांमधून फेऱ्या मारत. आईवडील बदल्यांमागे गावोगाव फिरत होते तेव्हा मी तिच्याकडेच वाढलो. आता ती आमच्याकडे असते. सकाळी पेपरवर शब्दाएवढ्या भोकाची तिची ती 'खिडकी' सरकवत एकेक शब्द टिपते, आणि पेपर संपला की गॅलरीतल्या खुर्चीत बसून खालच्या गल्लीचा कारभार बघते. डोळ्यांना धूसर दिसत असलं तरी कान शाबूत आहेत. शिंपीण आज कोणावर चिडली, न्हाव्याकडे गिऱ्हाईक किती, किल्लीवाल्याने कोणाला टोपी घातली, हे सगळं तिला माहीत असतं.

घरी पहिला सराव झाला. माझ्या बायकोने पलंगाच्या टोकाला उशांची चौकट केली, आत्याने तीत तोंड घातलं, मी घड्याळ लावलं. अकराव्या मिनिटाला खाली कोणीतरी कोणाला तरी म्हणालं, "तोंड सांभाळून बोल," आणि आत्या ताडकन उठून गॅलरीत.

"आत्या," मी म्हणालो, "असं केलंस तर डोळा जाईल."

"अरे, पण भांडण कोणाचं होतं ते कळायला नको?"

मी पोटापाण्यासाठी वजनकाटे तपासतो. दुकानादुकानात जाऊन प्रमाणित वजनं ठेवायची, काटा खोटा बोलत असेल तर त्याला खरं बोलायला लावायचं. पण जीव रमतो तो अॅम्प्लिफायर बनवण्यात. घरात एक कोपरा माझा आहे. तिथे कायम वितळलेल्या कथिलाचा वास येतो आणि बायको तिथे झाडू मारत नाही, कारण एकदा तिने मारला होता आणि मी तीन दिवस धुसफुसत होतो. आत्या मला लहानपणापासून 'खुडबुड्या' म्हणते. तेव्हा मी म्हणालो, खुडबुड आता नाही कामाला येणार, तर कधी?

बेत साधा होता. पलंगाखाली जमिनीवर एक पेटी ठेवायची. आत्याने पालथं पडल्या पडल्या हात खाली सोडायचा, बटण दाबायचं आणि ऐकायचं. पहिल्या बटणावर रेडिओ. दुसऱ्यावर तिच्या जुन्या तबकड्या. तिसऱ्यावर टेप. चौथ्यावर फोन.

"आणि गल्ली?" आत्याने विचारलं.

"गल्ली कशी येणार पेटीत?"

"तुला ठाऊक. रेडिओ नसला तरी चालेल मला. गल्ली पाहिजे."

म्हणून पाचवं बटण. गॅलरीच्या कठड्याला बाहेरून एक माइक लावायचा आणि त्याची वायर पेटीत आणायची. मला हे मनातून फार आवडलं, पण मी कपाळाला आठ्या घातल्या. आत्याचं म्हणणं पटकन मान्य केलं की ती आणखी तीन गोष्टी मागते.

पहिली पेटी मी दोन दिवसांत केली. तयार मिळणारी छोटी बटणं लावली, वर पाच दिवे. झकास दिसत होती. आत्या पालथी पडली, हात खाली सोडला, बटण दाबलं आणि दिवा लागला का ते बघायला मान उचलली. दर वेळी. ही बटणं दाबून सोडली की पुन्हा वर येतात, पाचही सारखीच. कुठलं चालू आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं.

मग प्रत्येक बटणाला वेगळा खटका लावून पाहिला. आत्या आधीचा बंद करायला विसरायची. बातम्या आणि शिंपिणीचं भांडण एकदम ऐकू यायला लागलं. आत्याच्या मते ते काही वाईट नव्हतं, पण दोन्हींतलं काहीच कळेना. फिरवायचं बटण लावावं, तर सांधे दुखणाऱ्या बोटांना ते पकडता येईना.

शेवटी आत्या उठून बसली आणि मला वर्गातल्या ढ मुलीसारखं समोर बसवलं. "मी आयुष्यात कधी कळांकडे बघून टाइप केलं नाही. मुलींनाही बघू दिलं नाही. दाबलेलं बटण दाबलेलं राहिलं पाहिजे, म्हणजे बोटाला कळतं कुठे आहोत ते. आणि दुसरं दाबलं की पहिल्याने आपणहून वर यायला हवं. आपल्या जुन्या रेडिओला होती तशी."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच, तशी असायची. पाच बटणांची एकत्र पट्टी. एक दाबलं की खटकन आत बसतं आणि आधीचं टपकन बाहेर येतं. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात असलेली ही वस्तू आता कोणी बनवत नाही. जे थोडे बनवतात ते हजार नगांखाली विकत नाहीत, आणि मला हवी होती एक.

रविवारपासून मी वणवण सुरू केली. नव्या दुकानातल्या मालकीणबाईंनी मला काचेच्या पडद्यावर बोट लावायचे पंधरा प्रकार दाखवले आणि वर म्हणाल्या, "बटणाचा जमाना गेला, साहेब." मी म्हणालो, "जमाना गेला असेल, माझी आत्या आहे अजून." जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याकडून एक मोडका सांगाडा आणला. त्यातल्या पट्टीला हात लावला तर प्लास्टिकचा भुगा झाला. टपालाने मागवलेली पट्टी मंगळवारी आली. फोटोत ती तळहाताएवढी दिसत होती, पाकिटातून निघालेली बटणं तांदळाच्या दाण्यांएवढी. बायकोने ती भिंगातून पाहिली आणि म्हणाली, "अहो, ही मुंगीच्या आत्यासाठी आहेत."

मग उरले एकटे नाहीकाका.

नाहीकाकांचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालचा बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. खोक्यांवर जे लिहिलेलं असतं त्याचा आतल्या मालाशी काडीचा संबंध नसतो. आत काय आहे ते फक्त काकांना माहीत. त्यांच्याकडे काहीही मागितलं की ते पहिल्यांदा "नाही" म्हणतात, म्हणून हे नाव. नवखा माणूस 'नाही' ऐकून निघून जातो. आम्ही जुने लोक काही मागतच नाही. तिथली रीत अशी की स्टुलावर बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि जाता जाता, जणू सहज, म्हणायचं की अमुक वस्तू आता जगात कुठेच मिळत नाही. हे काकांना सहन होत नाही.

त्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. "काका, पाच बटणांची पट्टी आहे का? एक दाबलं की दुसरं सुटतं ती?"

"नाही."

रीत मोडल्याचं माझ्या लक्षात आलं. मी स्टुलावर बसलो. आत्याचं, डोळ्याचं, बुडबुड्याचं सगळं सांगितलं. काकांनी आत्याला ओळखलं. त्यांची धाकटी बहीण आत्याच्या हाताखाली टायपिंग शिकली होती आणि चुकीच्या बोटाने कळ दाबली म्हणून तिने पट्टीचा मार खाल्ला होता.

"म्हणजे ती मारकी बाई तुझी आत्या."

"होय. पण आता शोधून काही उपयोग नाही म्हणा," मी उठत म्हणालो. "ती पट्टी आता जगात कुठेच मिळत नाही."

"बस खाली," काका म्हणाले.

ते शिडीवर चढले. 'घड्याळाचे पट्टे' असं लिहिलेलं खोकं त्यांनी खाली घेतलं. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती आणि पुडीत दोन पट्ट्या. पाच पाच बटणं, हस्तिदंती रंगाची, बोटाच्या पेराएवढी, मधे जराशी खोलगट. मला इतका आनंद झाला की मी काकांचा हात धरून हलवला. त्यांना ते आवडलं नाही.

"शेवटच्याच आहेत," ते म्हणाले. "कोण्या शहाण्याने सगळा गठ्ठा नेला होता. त्यातल्या दोन परत आणून दिल्या. आता कोण ते आठवत नाही."

घरी आलो तो जिने चढतच ओरडत, "मिळाली." बायको लाटणं हातात घेऊन बाहेर आली, आत्या उशांच्या चौकटीतून उठली. (सरावाचं ते नववं मिनिट होतं.) मी पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "दाब."

आत्याने पहिलं बटण दाबलं. बोट काढलं. बटण वर आलं.

दुसरं दाबलं. वर आलं. पाचही तसंच. दुसऱ्या पट्टीचंही तेच. एकही आत राहीना.

मी भिंग घेऊन बसलो. अशा पट्टीच्या पुढच्या बाजूला, बटणांच्या दांड्यांखालून, पोलादाची एक पातळ सळपट्टी आडवी जाते. तिला पाच चौकोनी खाचा असतात. बटण आत गेलं की त्याचा दात खाचेत अडकतो, आणि दुसरं दाबलं की सळपट्टी केसभर बाजूला सरकून पहिल्याला सोडते. सगळी जादू त्या एका सळपट्टीत. दोन्ही पट्ट्यांमध्ये ती नव्हती. कोणीतरी ओढून काढली होती, चिमट्याने, अगदी सफाईने.

"कोण गाढव असेल हा," मी म्हणालो. "एवढी चांगली वस्तू नासवली."

मग पट्टीच्या कडेला पेन्सिलीची खूण दिसली. एक बरोबरची खूण आणि तिच्यापुढे टिंब. वजनकाटा तपासून झाला की मी असंच करतो. बरोबरची खूण, टिंब. तीस वर्षांची सवय आहे. जगात दुसरं कोणी असं करत असेल असं मला वाटत नाही.

सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी आत्याच्याच टायपिंगच्या शाळेत प्रश्नमंजूषा होती. मुलींनी बटण दाबायचं, भोंगा वाजायचा. त्यासाठी मला दाबून सोडली की वर येणारी बटणं हवी होती. नाहीकाकांकडे होत्या त्या बाराच्या बारा पट्ट्या मी उचलल्या, प्रत्येकीतली सळपट्टी काढली, आणि दहा लावून झाल्यावर उरलेल्या दोन परत दिल्या. "लावल्याच नाहीत, काका, कोऱ्या आहेत," असंही म्हणालो होतो. लावल्या नव्हत्या हे खरं. पण दुकानादुकानात काट्यांचा खोटेपणा पकडणाऱ्या माणसाने असं बोलावं? मला आत्ता लिहितानाही कान गरम झाल्यासारखे वाटतात.

बायकोला सांगितलं. ती पोट धरधरून हसली. "आपल्याच पायावर धोंडा मारायला लोकांना निदान धोंडा उचलावा लागतो," ती म्हणाली. "तुम्ही तो अकरा वर्षं नाहीकाकांकडे ठेवायला दिला होतात."

"हसू नकोस. परवा ऑपरेशन आहे."

तेव्हा ती स्वयंपाकघरातून बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आली. "याचा पत्रा चालेल का?"

तो पत्रा मऊ निघाला. तिसऱ्यांदा दाबल्यावर खाच फाकली. मग करवतीचं पातं घासून पाहिलं, ते इतकं कडक की कानस झिजली. गुरुवारी सकाळी मी कामावर सुट्टी टाकली आणि दुपारपर्यंत तीन सळपट्ट्या केल्या. एकीत दोन बटणं अडकायची ती सुटायचीच नाहीत, दुसरीत चौथं अडकायचंच नाही, तिसरी तर मोडलीच. बोटांना चार ठिकाणी कापलं. मी रडायच्या बेताला आलो होतो. भीती खरी होती. हिला मी ओळखतो. गल्लीत कोणी शिंकलं तरी ही मान उचलणार आणि आपल्या हाताने आपला डोळा घालवणार, आणि नंतर मला दोषही देणार नाही. तेच मला सोसवलं नसतं.

चहा घेऊन मी आत्याच्या खोलीत गेलो. ती खिडकीच्या उजेडात दवाखान्याचा कागद वाचत होती. ऑपरेशनआधी काय खायचं, काय नाही. कागदावर तिची ती 'खिडकी' ठेवली होती आणि ती एकेक शब्द सरकवत होती. पुढचे मागचे शब्द पट्टीखाली आणि बोटांखाली झाकले जातात, एकच चौकोनात राहतो, मग तिला तो लागतो. पातळशी पोलादी पट्टी. तिला पाच चौकोन.

माझ्या हातातला कप कलंडला.

"आत्या, ही तुला कोणी दिली?"

"तूच तर. त्या भोंग्याच्या वेळी कचऱ्यात टाकत होतास बाराच्या बारा. मी म्हटलं एक राहू दे, कामाला येईल. तेव्हापासून हिच्यावरच वाचते. का रे?"

बायको दारात उभी होती. "काखेत कळसा," ती म्हणाली, आणि पुढचं म्हणायची गरज नव्हती. गावाला वळसा घालून घालून माझ्या चपला झिजल्या होत्या.

मी आत्याला समजावलं. ती ऐकत होती आणि अंगठ्याने पट्टीची कड चाळवत होती. अकरा वर्षांत त्या कडेला काचेसारखी झिलई आली होती. एका टोकाला तिने वाकवून कडी केली होती, तिच्यात दोरा ओवून ती गळ्यात अडकवता यावी म्हणून.

"ही तुला दिली," ती सावकाश म्हणाली, "आणि छिद्र नाहीच बुजलं, तर मी कशावर वाचू?"

असं पहिल्यांदाच झालं होतं की आत्या घाबरली होती आणि तिने ते लपवलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसलो. बायकोही येऊन पलंगावर बसली.

"आत्या, मग आम्ही वाचून दाखवू," बायको म्हणाली.

"तू फार भराभर वाचतेस. आणि हा गाळून वाचतो." आत्याने दोरा गळ्यातून काढला. "घे. पण मोडलीस तर बघ. तुझ्या कोपऱ्यात मी रोज झाडू मारीन."

कडी सरळ करताना मोडणार हीच भीती होती. जुनं पोलाद, एकदा वाकवलेलं. बायकोने गॅस पेटवला, टोक चिमट्यात धरून लाल केलं आणि मी ते हळूहळू, श्वास रोखून सरळ केलं. ते सरळ झालं. पट्टीत घातलं तर असं बसलं जणू कधी निघालंच नव्हतं. तिला मागे ओढणारी छोटी स्प्रिंगही हरवलेली होती, ती बायकोच्या बॉलपेनातून काढली. त्या पेनावरून ती मला अजून बोलते.

मग मी पहिलं बटण दाबलं. खटक. आत राहिलं. दुसरं दाबलं. खटक, आणि त्याच क्षणी टप. पहिलं वर आलं. तो आवाज इतका गोड होता की मी कितीतरी वेळ नुसता खटक-टप, खटक-टप करत बसलो. बायकोने येऊन एकदा केलं. मग म्हणाली, "अजून एकदा," आणि चारदा केलं.

संध्याकाळी आत्या चौकटीत तोंड घालून पालथी पडली, हात खाली सोडला आणि बोटं बटणांवरून फिरवली. "तिसरं आत आहे. म्हणजे टेप." "आता पाचवं." दाबलं, आणि खोलीत गल्ली आली. किल्लीवाल्याची कानस, न्हाव्याची कात्री, शिंपिणीचं मशीन, कोणाची तरी सायकल. आत्या हसली ते मला दिसलं नाही, तोंड उशीत होतं, पण खांदे हलत होते. त्या संध्याकाळी तिने दोन तास मान उचलली नाही.

पेटी मात्र तिने माझ्याकडून तीनदा सोडवून घेतली. एकदा उंच झाली म्हणून, एकदा बुटकी झाली म्हणून, एकदा नुसतीच. शेवटच्या वेळी स्क्रू आवळताना मी वैतागलो होतो. बटणांच्या खाली बारीक काळ्या पेनाने नावं लिहायची होती, पुढेमागे दुरुस्तीला बरं म्हणून. रेडिओ. तबकडी. टेप. फोन. पाचव्याखाली 'गल्ली' लिहायचं, त्याऐवजी मी लिहिलं, 'चोंबडेपणा'. मुंगीएवढ्या अक्षरात. आत्याला काय दिसतंय, म्हटलं. लिहिल्यावर जरा वाईट वाटलं, पण पेन पक्क्या शाईचं होतं.

ऑपरेशन झालं. ते दहा दिवस आमच्या घरात कोणी विसरणार नाही. आत्याने रेडिओ बहुधा दोनदा लावला, तबकडी एकदा. बाकी सगळा वेळ पाचवं. पालथ्या पडल्या पडल्या तिला गल्लीची एवढी बित्तंबातमी कळायला लागली की गॅलरीत बसूनही कधी कळली नसती. "शिंपिणीकडे पाहुणे आलेत, कप जास्त वाजतायत." "न्हावी आज गातोय, म्हणजे घरी भांडण मिटलं." एकदा तर ती उशीतूनच ओरडली, "किल्लीवाले, त्या बाईला फसवू नका, आज कानस वाजलीच नाही, चावी कालचीच आहे," आणि खाली बिचारा किल्लीवाला वर आभाळाकडे बघत राहिला.

आठव्या दिवशी समोरच्या इमारतीतून दोरखंडाने पियानो उतरवत होते. सबंध गल्ली आरडाओरडा करत होती. मी धावत खोलीत आलो, म्हटलं आता मान वर होणार. आत्याने चौकटीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या.

"कितव्या मजल्यावर आहे?" तिने विचारलं.

"दुसऱ्या."

"आवाज वाढव," ती म्हणाली, आणि मान तशीच ठेवली. पियानो सुखरूप उतरला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, मी उभ्याने, तिने पलंगाखाली.

दहा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तिला मान वर करायची आणि कुशीवर झोपायची परवानगी दिली. पण डोळ्यात बुडबुडा अजून होता, तो विरेपर्यंत काही सांगता येणार नव्हतं. आत्या म्हणायची की डोळ्यात कोणी गवंड्याची पाणसळ बसवल्यासारखं वाटतं, मान हलवली की रेघ हलते. रेघ रोज थोडी खाली जात होती. आम्ही कोणी "दिसतंय का?" असं विचारत नव्हतो. ती सांगत नव्हती. गळ्यात पट्टी नव्हती, पेपर तिने उघडलाही नव्हता, आणि रोज सकाळी बायको तिला तो सावकाश वाचून दाखवत होती. असे सहा आठवडे गेले. पट्टी पेटीतून काढून परत द्यावी का, हे मी मनात चारदा घोळवलं, पण तसं करणं म्हणजे हरल्याची कबुली, म्हणून केलं नाही.

एका संध्याकाळी मी वजनांची पेटी घेऊन घरी आलो तर आत्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर तिची पेटी. पलंगाखालून तिने ती स्वतः उचलून आणली होती, वायरींसकट. बायको तिच्या मागे उभी होती आणि तिने तोंडावर पदर धरला होता.

"खुडबुड्या, इकडे ये," आत्या म्हणाली. "बस समोर."

मी बसलो. तिने पेटी नाकाजवळ आणली. गळ्यात काही नव्हतं, हातात काही नव्हतं.

"रेडिओ," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. "तबकडी. यातला 'ड' काय काढलायस, अळी वळवळल्यासारखा. टेप. फोन."

माझ्या हातातली वजनांची पेटी खाली ठेवायची राहून गेली होती. त्या अक्षरांना मी स्वतः चष्म्याशिवाय ओळखलं नसतं.

"पाचवं वाचू?" आत्याने विचारलं.

तोवर ते मी साफ विसरलो होतो. एकदम आठवलं, आणि घामच फुटला. पण त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, आणि दोन्ही एकदम कसं आवरायचं ते मला कळेना.

"वाच, आत्या," मी म्हणालो. "मोठ्याने वाच."

"चोंबडेपणा," आत्याने वाचलं. स्पष्ट, एकदम पूर्ण, न अडखळता. मग पेटी खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं, बरोबर माझ्या तोंडाकडे, बाजूला नाही. "मी चोंबडी काय?"

मागे बायकोचा पदर सुटला आणि ती हसायला लागली. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, खुशाल रडलो, पन्नाशीच्या माणसाने रडावं तसा नव्हे, तर आत्याने वाढवलेल्या मुलाने रडावं तसा. तिने माझ्या टाळूवर चापट मारली, टायपिंगच्या वर्गात मारायची तशी, आणि मग हात तिथेच ठेवला.

"खोडून नीट लिहितो," मी शेवटी म्हणालो. "'गल्ली' लिहितो."

"काही खोडू नकोस. खाडाखोड मला चालत नाही." तिने पेटी परत पुढ्यात ओढली. "आणि माझी खिडकी आहे तिथेच राहू दे. आता गप्प बसा दोघं. शिंपिणीकडे मघापासून काहीतरी चाललंय."

तिने पाचवं बटण दाबलं. फोनचं चौथं टपकन वर आलं.